राशीकडं पाठ

भांडणाच्या आधी नियम सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही माणसं वेडी होती. वेडी होतीच, पण नियमानं.

मळणी झाली, रागीचा, म्हणजे नाचणीचा, ढीग खळ्याच्या मधोमध लागला की त्याची रास होते. पूजा होऊन राशीवर घोंगडी पडेपर्यंत कुणी बोलायचं नाही. बोललं की बरकत जाते. आणि राशीकडं पाठ करायची नाही. केली की रास रुसते. येलहंक्याजवळची आमची वीस घरांची वाडी. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि राशीपुढं चंपाची भाषा.

चंपा विठोजीची पोर. नऊ वर्षांची, जन्मापासून बहिरी, म्हणून मुकी. तिच्याशी बोलता बोलता सगळ्या वाडीचे हात बोलके झाले होते. मिशीला पीळ म्हणजे विठोजी. नाकाला चिमटा म्हणजे तिची आई रत्नाबाई, नथीवरून. दोन्ही हातांनी भलंमोठं पोट म्हणजे हणमंतराव पाटील. पाटलाला ही खूण आपली आहे हे ठाऊकच नव्हतं. त्याला वाटायचं, आपण दिसलो की लोकांना भूक लागते.

आता भांडण. साल एकसष्ट.

"बेंगळुरात बहिऱ्या पोरांची शाळा हाय. मी अर्जावर अंगठा देऊन आले," रत्नाबाई म्हणाली.

"कुणाला इचारून?"

"चंपाला."

"काय म्हणाली ती?"

"सरी, चालंल म्हणाली."

"मुकी पोर सरी म्हणाली?"

"तुमच्यापेक्षा लवकर म्हणाली."

"देवानं कान दिले न्हाईत, तिथं मास्तर काय घालणार? मग माझी म्हैसबी कॉलेजात घाल!"

"म्हशीला ऐकू येतंय. तिला नको," रत्नाबाई म्हणाली. "मास्तर एकदाच येऊन बघणार. जागा एकच उरलीया."

आणि कृष्णमूर्ती मास्तर सायकलवरून आले ते नेमके राशीच्या दिवशी.

पुढचं त्यांच्या वहीतलं. त्यांनीच नंतर वाचून दाखवलं:

'सकाळी साडेदहा. खळ्यावर तीसेक माणसं. नमस्कार केला. उत्तर नाही. ओरडून केला. सगळ्यांनी हात हलवले.

एक जाडे गृहस्थ आले. सर्वांनी पोटाची खूण केली. बहुधा जेवणाची वेळ.

पाठीमागून घंटा वाजवली. मोठ्यांपैकी एकही मान वळली नाही. अरेरे.

एका बाईंच्या थेट कानाशी वाजवली. डोळे मिटून उभ्या. पूर्ण बहिऱ्या.'

त्या बाई म्हणजे मी, जमनाबाई. घंटा अशी वाजली की माझी दाढ हलली. पण समोर रास होती!

'फक्त एक मुलगी झटकन वळली आणि हसली. हीच चंपा असं आई खुणेनं सांगते. श्रवण उत्तम. नाव विचारलं तर बोलत नाही. लाजाळू.

शेरा: अख्खं गाव बहिरं. चंपाला प्रवेशाची गरज नाही.'

चंपा कशी वळली? तिच्या समोर बैल बांधलेले होते. घंटा वाजली की बैलांचे कान उभे राहायचे. बैलाचे कान उभे राहिले म्हणजे मागं काहीतरी आहे, हे ती रानात शिकलेली. आणि राशीचा नियम तिला कुणी सांगितलाच नव्हता. मुक्या पोरीला गप्प राहा म्हणून कोण सांगणार?

मास्तर सायकलवर बसले. रत्नाबाई हातांनी ओरडत होती: चंपा, कान, नाही! चंपा, कान, नाही!

"होय बाई, कान छान आहेत तिचे," मास्तर म्हणाले आणि पायडल मारलं.

विठोजीनं हातानंच सांगितलं: जाऊ दे.

रत्नाबाईनं राशीकडं बघितलं. वर्षाचं मुद्दं होतं ते, रोजच्या ताटातला रागीचा गोळा. मग चंपाकडं बघितलं.

"ओ मास्तर! थांबा की! बहिरी तीच हाय! आमी नुसते गप्प हाओत!"

मास्तर सायकलीसकट गवतात.

"तुम्हाला... ऐकू येतं?"

आता बरकत गेलीच होती, तर तोंड कशाला धरायचं? सगळी वाडी एकदम बोलू लागली.

"मग घंटा?"

"स्वल्प मोठी होती," मी म्हटलं.

मास्तरांनी सबंध पान खोडलं. मग चंपाच्या डोळ्यांवर हात ठेवून घंटा वाजवली. ती हलली नाही. जागा मिळाली. जाताना ते म्हणाले, "शाळेत हातवारे चालत नाहीत. ओठ बघायचे, तोंडानं बोलायचं." आम्ही सगळ्यांनी पटकन हात पाठीमागं लपवले.

त्यानंतरचं वर्ष.

म्हैस आटली. विठोजी: "राशीपुढं बोललीस ना!"

मांजर विहिरीत पडलं. "राशीपुढं बोललीस ना!"

खाट मोडली. तिच्यावर पाटील बसला होता. तरी, "राशीपुढं बोललीस ना!"

पाऊस चांगला झाला. विठोजी काही बोलला नाही.

पुन्हा रास लागली. पुन्हा तीस माणसं मुकी, तोंडं राशीकडं. विठोजीच्या हातात आरतीचं ताट. चंपा सुट्टीला येणार होती. गाडीला उशीर झाला असावा, असं आम्ही हातांनी म्हणत होतो.

तेवढ्यात बैलांचे कान उभे राहिले.

मागून आवाज आला. जाडसर, थोडा नाकातला, एका जागी न थांबणारा.

"अप्पा."

असा आवाज वाडीत कुणाचाच नव्हता.

विठोजी वळला. ताटासकट, राशीकडं अख्खी पाठ करून. धोतराचा कासोटा राशीला दिसत होता.

"परत म्हण," तो मोठ्यानं बोलला.

चंपा त्याच्या ओठांकडं बघत होती. मिशीनं निम्मे झाकलेले. तिनं हात वर करून मिशी बाजूला सारली.

"परत म्हण की गं."

"अप्पा."

कापूर विझला. रास तशीच उघडी. रत्नाबाईनं विठोजीच्या समोर येऊन, सावकाश, हातांनी विचारलं: आता म्हैस आटली तर कुणामुळं?

विठोजीनं ताट माझ्याकडं दिलं आणि दोन्ही हातांनी भलंमोठं पोट केलं.

"चला," पाटील म्हणाला, "मलाबी लागलीया."