तात्यांच्या बंदुकीची झीज

राजश्रीताईंना बंदुकीपेक्षा तिच्या झिजेत जास्त रस. गाडीतळाजवळचं बंदूक दुरुस्तीचं दुकान वडिलांकडून आलं, त्यासोबत ही खोडही आली. गिऱ्हाईक निम्मंच सांगतं, उरलेलं लोखंडाला विचारावं, असं त्या म्हणत. लोखंडाला थापा मारता येत नाहीत.

दसरा तोंडावर आला असताना भागोजी वारलेल्या बापाची, तात्यांची, ठासणीची बंदूक घेऊन आला. पिकाच्या राखणीसाठी परवाना काढलेली. नळीचा काळा रंग उडालेला, आणि मागच्या टोकाला पाच तांबडे खड्डे.

"दर दसऱ्याला पाच बोटांनी ओलं कुंकू लावता ना?" ताईंनी विचारलं. "आणि वरून खोबरेल?"

"आमचा देव हाय तो."

"देव गंजलाय तुमचा."

भागोजी हसला नाही. "नवी करकरीत करून द्या, ताई. भात पसवलंय नि डुकार रोज शेतात उतरतंय. तात्यांचा बार वाजला की पंचक्रोशीत डुकार फिरकत नव्हतं. आता राखण माज्याकडं. आनी मी..."

खालमानेनं त्याने उरलेलंही सांगून टाकलं. परवा डुकरीण पिलांना घेऊन अगदी समोर आली होती. त्याला चाप ओढवला नाही. चाप अडकला असं त्याने गावात सांगितलं, पण गाव काय दूधखुळं? वाघाच्या पोटी शेळी, असं लोक तोंडावर म्हणायला लागले होते.

"बंदूक नवी दिसली तर हाताला जोर येल," तो म्हणाला.

ताईंनी चाप ओढून पाहिला. छान चालत होता. तरी पावतीवर त्यांनी चापाची दुरुस्तीही लिहिली. माणसाची लाज झाकणारं खोटं उघडं पाडायला त्यांना आवडत नसे.

त्यांनी चहा मागवला आणि खोबरेलाचा चिकट थर खरवडायला घेतला. "आता हिला मुद्दाम गंज चढवायचा," त्या सांगत होत्या. "मग उकळत्या पाण्यात घालायची. गंज काळा पडतो, तो घासायचा, पुन्हा चढवायचा. काट्याने काटा काढायचा." बोलता बोलता हात थांबला. त्यांनी चष्मा पुसला आणि नळी उजेडात धरली.

दारू जिथे पेट घेते तिथलं लोखंड हमखास खाल्लं जातं. इथे मात्र ठिणगी पाडणारी टोपी बसवायची जागा कोरी होती. उलट नळीच्या तोंडाजवळ वीतभर भाग पांढराशुभ्र झिजलेला, आणि दस्त्याच्या बुडाची लोखंडी पट्टी ठोकून ठोकून चेपलेली.

"तात्या बंदूक धरायचे कशी?"

"सगळे धरतात तशीच."

"नाही हो. तोंडाशी धरायचे, दोन्ही हातांनी, मुसळ धरतात तशी. आणि दस्ता कशावर तरी आपटायचे. काय होतं तिथे?"

भागोजीच्या हातातला चहा निवत राहिला. "राखणीच्या माळ्यावर तेलाचा डबा असायचा, पालथा," तो हळूच म्हणाला. "त्याच्यावर बसायचे तात्या. बुडाला पोचे व्हते. आमाला वाटायचं, बसून पडलेत."

"ही बंदूक कधी उडालेलीच नाही, भागोजी. वाजायचा तो डबा."

बोलून गेल्यावर ताईंना धास्ती वाटली. मेलेल्या माणसाची कीर्ती आपण खोबरेलासोबत खरवडून काढली की काय! पण भागोजीचा चेहरा हळूहळू सैल होत गेला.

"एक डुकार घरी आलं नाय कदी," तो म्हणाला. "विचारलं की म्हनायचे, थोडक्यात हुकलं. जलमभर हुकलंच." त्याला हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्याने बंदूक उभी केली नि पांढऱ्या झिजेवर दोन्ही तळवे ठेवले. तळवे बरोब्बर बसले.

"बाकी सगळी काळी करा, ताई. एवढी जागा ऱ्हाऊ द्या."

पायरी उतरता उतरता तो परत वळला.

"रिकामा तेलाचा डबा हितं कुटं मिळंल? तात्यांचा आमी भंगारात घातला."