सरळ खांद्यांचा पुतळा

मित्रांनो, मी गणवेश शिवणाऱ्या एका दुकानातला जुना पुतळा आहे. मला डोके नाही, हात नाहीत. गळ्यापासून कमरेपर्यंतच काय तो मी. एका जागी उभे राहणे हेच माझे काम. तरीही सांगतो, माझ्याइतका अस्वस्थ जीव या दुकानात दुसरा नसेल.

कारखान्यात कागदाचा लगदा साच्यात दाबून माझे अंग घडवले, वर जाड कापड चिकटवले आणि मला एका लाकडी दांड्यावर बसवले. त्या साच्यातून माझ्यासारखे कितीतरी बाहेर पडले. साऱ्यांचे खांदे सरळ, पाठ ताठ, छाती भरलेली. आम्ही नेमके कोणासारखे आहोत, हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

मास्तरांनी मला आणले तेव्हा त्यांचे दुकान नवे होते. रखवालदार, परिचारिका, बसचालक, सगळ्यांचे गणवेश ते शिवत. शिवून झाला की शर्ट माझ्या अंगावर चढे. मास्तर माझ्याभोवती फेरी मारत, कुठे सुरकुती नाही ना ते पाहत आणि म्हणत, "पुतळ्यावर बसला म्हणजे माणसावर बसलाच!" मी मनातल्या मनात फुगून जाई.

पण माणसांवर तो बसत नसे. परिचारिकेला काखेत काचे, रखवालदाराचे पोटावरचे बटण तटतटे. मास्तर शर्टाला कधी दोष देत नसत. "पोक काढू नका." "पोट जरा आवरा." ती भली माणसे आरशासमोर श्वास रोखून उभी राहत आणि खालमानेने निघून जात. काहीतरी चुकते आहे, हे मला कळत होते. पण मी तर मापाचा पुतळा! मीच चुकलो तर मग बरोबर कोण? हा विचार टाचणीसारखा अंगात रुतून बसला, आणि ती उपटायला मला हात नव्हते.

पुढे मास्तरांची सून दुकानात काम करू लागली. काजे करता करता ती माझ्याकडे टक लावून पाही. एका दुपारी तिने विचारलेच, "बाबा, हा पुतळा कोणाच्या मापाचा आहे?"

"कोणाच्या म्हणजे? सगळ्यांच्या."

"पण असं माणूस आपल्या दुकानात कधी आलंय का?"

"काजाकडे बघ. दोरा सुटतोय," मास्तर म्हणाले.

तेवढ्यात टपालवाल्या बाई आल्या. वर्षानुवर्षे जड पिशवी वाहून त्यांचा उजवा खांदा खाली उतरला होता. शर्टाची कॉलर एका अंगाला घसरे आणि हात वर केला की शर्ट कमरेतून सुटे.

"मास्तर, पुढच्या आठवड्यात पाहणी आहे," त्या म्हणाल्या. "साहेब म्हणतात, गणवेश असाच गबाळा दिसला तर फिरती बंद. आत बसून टपाल निवडायचं. मला नाही हो जमणार चार भिंतींत. माझी सगळी माणसं बाहेर आहेत."

"खांदा सरळ ठेवा, म्हणजे झालं."

"ठेवते की. पण किती वेळ ठेवू?"

सुनेने सुई खाली ठेवली. "बाबा, यांच्या शर्टाचे दोन खांदे वेगवेगळे कापूया."

"म्हणजे लोकांनी म्हणायचं, मास्तरला साधी कात्री धरता येत नाही? एवढं कमावलेलं नाव मातीत घालायचंय?"

"शर्ट पुतळ्याने घालायचाय की यांनी?"

मास्तरांनी टेप टेबलावर आपटली आणि ते तडक बाहेर गेले. ते दुष्ट नव्हते. नावाला बट्टा लागेल या भीतीने त्यांचा जीव धास्तावला होता.

सुनेने बाईंचे माप घेऊन त्यांना पाठवले. मग तिने माझ्या उजव्या खांद्यावरचे कापड सोलले, कानस उचलली आणि खांदा घासायला घेतला. मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मी आतून किंचाळलो. भुगा खाली पडत होता आणि त्याबरोबर माझा सगळा तोरा.

मास्तर परतले. "अगं, काय करून ठेवलंस हे!" त्यांनी माझ्या खांद्यावर तळवा ठेवला. तोच त्यांची नजर समोरच्या आरशात गेली. यंत्रावर वाकून वाकून त्यांचा स्वतःचा डावा खांदा वर चढला होता आणि अंगातला शर्ट मानेपाशी ओढला गेला होता. त्यांनी तो ओढून सरळ केला, तो पुन्हा सरकला. मग हळू आवाजात म्हणाले, "नुसता उजवा घासून भागायचं नाही. डावीकडे थोडा कापूस लाव, नाहीतर कॉलर तिरकी बसेल."

शर्ट तयार झाला. टेबलावर पसरला तर चक्क वाकडा! शेजारचा घड्याळवाला खो-खो हसला. "मास्तर, चष्मा बदला!" मास्तरांचे कान लाल झाले, पण शर्ट न्यायला आलेल्या बाईंच्या हाती त्यांनी तो तसाच दिला. बाईंनी शर्ट घातला आणि तो वाकडा शर्ट सरळ झाला. उंचावरच्या पेटीत पत्र टाकावे तसा त्यांनी हात वर केला. शर्ट जागचा हलला नाही. त्यांनी पुन्हा हात वर केला, पुन्हा खाली घेतला. डोळे भरून आले, पण तोंडाने म्हणाल्या काय, तर "खिसा जरा मोठा हवा होता!" मास्तर पोट धरून हसले. बाईंची फिरती टिकली.

त्यानंतर कित्येक वर्षे मला उसंत नव्हती. आज पाठीवर कापसाचे कुबड, उद्या पोटाला गादी. मी नक्की कोण, हे मलाच कळेनासे झाले. आता दुकान सून चालवते. मास्तर नाहीत. माझे कापड विरले आहे, आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडलो आहे.

परवा चाकांच्या खुर्चीतून एक टेलिफोन ऑपरेटर आले. सून टेप घेऊन म्हणाली, "आधार घेऊन जरा उभे राहता का? माप उभ्यानेच घेतात."

"का?" त्यांनी विचारले.

"कारण आपल्याकडे पहिल्यापासून..." ती बोलता बोलता थांबली. टेप हातात तशीच लोंबत राहिली. कोपऱ्यात माझा जीव टांगणीला लागला. मग तिने स्टूल ओढले आणि ती त्यांच्यासमोर बसली.

"खरंच, का बरं? सांगा, बसल्यावर कुठे काचतं तुम्हाला?"

मित्रांनो, माझी धूळ पुसा, असे मी म्हणणार नाही. एवढेच मागतो, एखाद्याला काही बसत नसेल, तर त्याच्या अंगाला नावे ठेवण्याआधी ते माप कोणाचे आहे, हे एकदा विचारा. आणि ते माप तुम्हीच ठरवलेले असेल, तर दोनदा विचारा.