बाहेरचा नर

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात तोंडवलीच्या सुभद्रेची डुकरीण व्यायली. सुभद्रेने एका पिल्लाचं शेपूट वर करून पाहिलं. पिल्लाला शी करायची वाटच नव्हती. दुसऱ्यालाही नव्हती. मागच्या वेतालाही असंच झालं होतं. काळी गावठी डुकरं तिच्या घरी सासूपासून होती, पण अशी पिल्लं कोणी पाहिली नव्हती.

नवरा परशुराम म्हणाला, ही सुगंधेची करणी. सुगंधा त्याची बहीण, आचऱ्याला दिलेली. माडांच्या वाटणीवरून बोलणं तुटलेलं. सुभद्रेलाही मनातून तसंच वाटत होतं. गुरांच्या डॉक्टरांनी मात्र वेगळंच सांगितलं. घरचा नर स्वतःच्याच लेकींना लागतोय, त्याचा हा दोष. "बाहेरचा नर आणा, नाहीतर पुढे एकही पिल्लू धड निघणार नाही."

पांढरा विलायती नर आणला तर गावठी जात बुडाली असती. काळा नर जवळपास एकाच घरी होता, सुगंधेकडे. परशुरामला न सांगता सुभद्रा आचऱ्याला गेली.

सुगंधेने तिला घरात बोलावलं नाही. घरापुढच्या खळ्यात उभ्यानेच सगळं ऐकलं आणि तिला मागीलदारी नेलं. नर दांडगा होता. पण त्याच्या पुढच्या पायावरचा पांढरा पट्टा बघून सुभद्रा जागीच थबकली. घरच्या नरालाही तसाच होता.

"वन्स, ह्यो खंयचो?"

"आयेन माका लग्नात मादी दिल्यान होती. तिचोच ह्यो वंश." सुगंधा जरा घुटमळली. मग हळूच म्हणाली, "माज्याकडेय पिल्लां तशीच येतत, वयनी. माका वाटला, तूच कायतरी केलंस."

सुभद्रा पायरीवर बसली. दोन्ही घरचं रगात एकच होतं, आणि दोघी एकमेकींच्या नावाने बोटं मोडत होत्या.

पुढच्याच आठवड्यात दोघींनी वेंगुर्ल्याकडच्या एका ख्रिस्ती घरातून काळा नर मिळवला. टेम्पो दारात थांबला तेव्हा परशुराम खळ्यात उभा होता. बहिणीला बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. मग पुढे येऊन त्याने टेम्पोचा फाळका खाली केला.

जुना नर विकला. दिवाळीच्या सुमारास डुकरीण व्यायली. एक पिल्लू आईच्या अंगाखाली चिरडून मेलं, बाकीची सगळी धडधाकट होती. मग नवा नर आचऱ्याला सुगंधेकडे पोचवायला परशुराम स्वतः गेला, आणि दुपारी जेवूनच परत आला.