फर्मच्या नावावर

नाथाजी सुभेदार पेन्शनीवर घरी आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक ट्रंक, एक होल्डॉल आणि गोल्फच्या सहा काठ्या आल्या. काठ्या त्यांच्या कर्नलसाहेबांनी निरोपाला दिलेल्या. उंब्रजच्या स्टँडवर लोकांनी त्या पाहिल्या, हॉकीच्या समजून सोडून दिल्या.

साताऱ्याजवळच्या एका माळावर इंग्रजांच्या वेळचा क्लब होता. पत्र्याची शेड आणि नऊ होल, एवढाच पसारा. गवत पावसाळ्यापुरतं, एरवी सगळा मुरूम, आणि होलाभोवती हिरवळीऐवजी तेल शिंपडून दाबलेली वाळू. वर्षाची वर्गणी साठ रुपये होती. सुभेदार दर रविवारी पहिल्या एसटीनं साताऱ्याला जायचे आणि दुपारच्या जेवणाला परत यायचे. बनुबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं, पण रविवारी नवरा घरात हसतो एवढं कळत होतं.

त्या हसण्याचं कारण जयपाल मगदूम. सांगलीचे हळदीचे व्यापारी. साताऱ्यात दुकान असल्यामुळे शनिवारी मुक्कामाला यायचे. गोल्फ त्यांना सुभेदारांनीच शिकवला. शेठ खेळायचे वाईट आणि भांडायचे फार. बॉल दगडाला लागून उडाला की पुन्हा मारायला मिळालं पाहिजे, यावर एकदा दोघं अर्धा तास उन्हात उभे होते. सहा वर्षांत शेठ तीनदा जिंकले, आणि तिन्ही वेळा त्यांनी शेडमधल्या सगळ्यांना कंदी पेढे वाटले.

पंचाहत्तर साली क्लबात नवी कमिटी आली. नवा हॉल आणि पाण्याची पाइपलाइन करायची ठरली, आणि वर्गणी एकदम सहाशे झाली. जूनअखेर एकरकमी भरायची. नाहीतर एखाद्या फर्मनं पैसे भरावेत आणि आपली दोन नावं द्यावीत, अशी सोय काढली. साखर कारखान्याच्या साहेबांचे पैसे कारखान्यानं भरले. कंत्राटदारांनी खर्चात टाकले. एका डॉक्टरांनी बायकोशी बोलून मोटार विकली आणि स्कूटर घेतली. हायस्कूलच्या हेडमास्तरांनी राजीनामा पोस्टकार्डावर पाठवला.

सुभेदारांची पेन्शन महिन्याला दीडशेच्या आसपास. ते जयपालशेठना म्हणाले, "आता बास करतो शेठ. सकाळचं उठणं हुईना."

"मागच्या रविवारी माज्याआधी कोण आलं हुतं?"

सुभेदार काठीच्या टोकानं मुरूम उकरू लागले.

"फर्मला दोन नावं द्यायची हायत," शेठ म्हणाले. "एक माजं. दुसरं कुणाचं देऊ? हळदीच्या पोत्याचं?"

"शेठ, हे बरं दिसायचं न्हाई."

"मला एकट्याला खेळाय लावनं बरं दिसतंय व्हय?"

सुभेदारांनी होकाराची मान हलवली आणि तोंड धुवायचं निमित्त करून शेडमागं गेले. फॉर्मवर 'फर्मशी संबंध' असा एक रकाना होता. क्लार्कनं विचारलं तेव्हा शेठ कुणाशी तरी बोलत होते. "लिवा कायबी," ते म्हणाले. क्लार्कनं 'नोकर' असं लिहिलं. पुढच्या रविवारी सभासदांची यादी त्या रकान्यासकट फळ्यावर लागली. सुभेदारांनी वाचली. शेठनी वाचली नाही.

त्याच दिवशी चौथ्या होलाला सुभेदारांचा बॉल वीतभर अंतरावर होता. डोळे झाकून गेला असता. त्यांनी काठी टेकवली आणि मनात आलं, या माणसानं आपले सहाशे रुपये भरलेत. बॉल कडेनं निघून गेला. शेठ जिंकले, हरखले, पेढे आणायला गडी पाठवला.

पहिल्या वेळी चुकून झालं. नंतर मात्र सुभेदार ठरवून चुकू लागले. फौजेत कुणापुढं हार न मानलेला माणूस, वाळूवर ओणवा होऊन हरायची तालीम करू लागला. ते लवकर येऊन शेठच्या काठ्या फडक्यानं पुसून ठेवू लागले. 'शेठ'चं 'शेठजी' कधी झालं, त्यांनाही कळलं नाही. दगडावरून शेठचा बॉल उडाला की आपणच म्हणायचे, "मारा शेठजी, परत मारा." मग भांडण कशाचं राहतंय. पेढे दुसऱ्या महिन्यात बंद झाले. सातव्या होलाला शेठ घड्याळ बघू लागले.

दोन वर्षं अशी गेली. सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये चौकीदार केरबानं फाटकातच अडवलं.

"सुभेदार, यादीत तुमचं नाव न्हाई. दुसरंच कुणाचं हाय."

ते नाव शेठच्या मुलीच्या, गुणमालेच्या नवऱ्याचं होतं. इंजिनीअर, नुकताच बदलून साताऱ्याला आलेला. सुभेदार फाटकाबाहेर उभे राहिले. थोड्या वेळानं शेठची गाडी आली. जावई काठ्या घेऊन आत गेला, शेठ मागं थांबले.

"कळवनार हुतो मी," ते म्हणाले. "पण सुभेदार, तुमाला तरी गोडी कुठं राहिली हुती? दोन वर्सं बघतोय. मन लावून खेळतच न्हाई तुमी. भांडत न्हाई, बोलत न्हाई. म्हटलं, माज्या भिडंपायी येताय. सोडवावं एकदाचं."

सुभेदारांच्या ओठावर आलं होतं. पण काय सांगायचं? दोन वर्षांत तुम्ही एकदाही खरे जिंकला नाहीत, मीच हरत होतो, हे त्या माणसाच्या तोंडावर कसं सांगायचं? आणि नाही सांगावं, तर गोडी गेली हे खरं ठरत होतं.

"व्हय," ते म्हणाले. "गोडी गेली."

शेठ तिथंच उभे राहिले. आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून थांबल्यासारखे. मग आतून जावयानं हाक मारली.

घरी बनुबाईंनी विचारलं, "आवं, आज लवकर?"

"संपलं ते."

त्यानंतरही रविवारी पहिल्या गाडीच्या वेळेला सुभेदारांना जाग यायचीच. ते उठून बसायचे आणि गाडी हायवेवरून जाईपर्यंत तसेच बसायचे.

दिवाळीच्या आधी एका सकाळी जयपालशेठची गाडी उंब्रजला थांबली. सुभेदार शेतात उसाला पाणी देत होते. त्यांनी बांधावरून गाडी ओळखली, शेठना उतरताना पाहिलं, आणि उसात शिरून खाली बसले. बनुबाईंनी दोनदा हाका मारल्या. शेठनी अंगणात बसून चहा घेतला, कुठं गेले असतील म्हणून विचारलं, आणि बराच वेळ थांबले. एकदा बांधापर्यंत आले. सुभेदारांना उसाच्या पाल्यातून त्यांचे पांढरे बूट दिसत होते.

"सुभेदार," शेठनी हाक दिली. मोठ्यानं नव्हे, जवळच्या माणसाला द्यावी तशी.

सुभेदारांनी तोंडावर हात धरला. बूट थोडा वेळ तसेच दिसले आणि मग वळले. गाडी सांगलीच्या बाजूला गेली. ती परत कधी उंब्रजला थांबली नाही.