पुसून उरलेले शब्द

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. तळहातावर मावेन एवढाच. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे आणि माझे लाल बटण दाबायला आता अंगठ्याचा चांगला जोर लागतो. मला डोळे नाहीत. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते सारे ऐकलेले आहे. पाहिलेले विसरता येते असे म्हणतात. ऐकलेले मात्र पाठ सोडत नाही.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी बोटीने अमेरिकेला आलो आणि ओहायो राज्यातल्या एका दुकानात काचेच्या कपाटात बसलो. लॉरेटा क्राउस नावाच्या बाईंनी मला नवऱ्याच्या वाढदिवसासाठी विकत घेतले. नवऱ्याचे नाव डेल्बर्ट. तो गाडी चालवता चालवता मांडीवरच्या वहीत लिहायचा, आणि त्या नादात त्याने दोनदा गाडी शेतात घातली होती.

"हे घे," लॉरेटा म्हणाली. "आता लिहू नकोस, बोलत जा. तसंही तुझं अक्षर तुझं तुलाच लागत नाही."

डेल्बर्टचे काम पारख्याचे होते. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू काखेत धरून समोरच्या धिप्पाड गड्यांच्या भिंतीत घुसणारा एक गडी असतो. त्याला रनिंग बॅक म्हणतात. कॉलेजात असे गडी शेकड्यांनी खेळतात. त्यांतला कोणता गडी पुढे व्यावसायिक संघात टिकेल, हे डेल्बर्टने आपल्या संघाला सांगायचे. तो गावोगाव हिंडे, सामना पाही, मग गाडीत बसून काचा वर करी आणि मला तोंडाशी धरी.

किती छान बोलायचा तो! "घड्याळ लावून वेग कुणीही मोजेल," तो म्हणायचा. "भिंतीत फट पडेपर्यंत दोन पावलं थांबायला छाती लागते." किंवा, "धक्का बसल्यावर हा पुढं पडतो की मागं, ते बघा. माणूस पडताना खोटं बोलत नाही." कॉलेजच्या वर्षांत कोण किती वेळा आपटला गेला, याचाही हिशेब तो ठेवी. रनिंग बॅकचे आयुष्य धक्क्यांत मोजायचे असते, असे तो सांगे. मला त्याचा अभिमान वाटायचा. मी कधी अडखळलो नाही, त्याचा एक शब्दही गाळला नाही.

मग दोन वर्षे वाईट गेली. त्याने निवडलेल्या एका गड्याचा गुडघा कायमचा गेला, दुसरा धक्क्याला बिचकू लागला. संघाचा मुख्य पारखी गिल हॅनरहन. तो टेबलावर बोटे वाजवत म्हणाला, "डेल, तिसरा पण असाच फुसका आणलास तर विमा विकायला लाग. मी शिफारसपत्र लिहून देईन."

डेल्बर्ट हसला. त्याच्या खिशात असल्यामुळे मला कळले की हसताना त्याची छाती हलली नाही.

त्याच शरद ऋतूत आम्ही मिसिसिपीतल्या एका छोट्या कॉलेजचा सामना पाहायला गेलो. तिथे टवेरिस ऑगल्सबी नावाचा रनिंग बॅक खेळत होता. मी खिशातून ऐकत होतो. त्याच्या प्रत्येक धावेला लोक उठून ओरडत. तिसऱ्या सत्रात अचानक एक कोरडा आवाज आला, दोन ओंडके एकमेकांवर आपटावेत तसा. सारे मैदान गप्प झाले. मग टाळ्या झाल्या. डेल्बर्टने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत.

सामन्यानंतर गाडीत बसून तो मला म्हणाला, "टवेरिस ऑगल्सबी. फट दिसेपर्यंत थांबतो, आणि दिसली की कुणाला विचारत नाही. चेंडू हातून सुटत नाही. पडला तर पुढंच पडतो." एवढे बोलून तो थांबला. मग त्याचा आवाज खाली आला. "तिसऱ्या सत्रात डोक्यावर डोकं आपटलं. उठला, पण जाऊन समोरच्या संघाच्या घोळक्यात उभा राहिला. त्यांच्याच एका पोरानं खांद्याला धरून त्याला वळवलं. डॉक्टरला विचारायला हवं."

त्याने आधी प्रशिक्षकाला विचारले. रे टटल त्याचे नाव. टटल मोठ्याने हसला. "अहो, तो गंमत करतो! फार नकल्या पोरगा आहे. डॉक्टरनं दोन बोटं दाखवली, त्यानं बरोबर दोन सांगितली."

"पुन्हा विचारलं होतं?"

"विचारलं की."

"तेव्हा किती बोटं दाखवली?"

टटलचे हसणे थांबले. "दोनच," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चर्च सुटल्यावर डेल्बर्ट टवेरिसच्या घरी गेला. त्याची आई अर्नेस्टीन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिने मासे तळले होते, मक्याचा पाव केला होता. डेल्बर्टने मासा दोनदा वाढून घेतला. टवेरिस आतल्या खोलीत झोपला होता.

"साहेब," अर्नेस्टीन म्हणाली, "तुमच्या नजरेखालून शेकड्यांनी पोरं गेली असतील. माझ्या पोरात काही खोट दिसली का? सकाळपासून तो माझा वाटत नाहीये."

काट्याचा बशीवर बारीकसा आवाज झाला. मी शर्टाच्या खिशात होतो. माझ्या मागेच एक हृदय धडधडत होते.

"नाही बाई," डेल्बर्ट म्हणाला. "खोट काही नाही."

मग गाडीत त्याने माझी फीत मागे फिरवली. 'पुढंच पडतो'पाशी थांबवली आणि लाल बटण दाबले. "दुखापत नाही. कणखर गडी. पाडला तरी दर वेळी उठतो." आणि बटण बंद केले.

मित्रांनो, माझ्या जातीचा एक स्वभाव आहे. जुन्या आवाजावर नवा आवाज भरला की जुना पुसला जातो. पण नवे वाक्य जुन्यापेक्षा आखूड असेल, तर जुन्याचे शेपूट तसेच राहते. डेल्बर्ट घाईत होता. त्याने पुढे ऐकून पाहिले नाही.

ऑफिसात मार्लीन नावाची बाई माझे बोलणे टाइप करायची. तिने डेल्बर्टला हाक मारली. "डेल, 'दर वेळी उठतो'च्या पुढं काहीतरी आहे बघ. 'धरून त्याला वळवलं. डॉक्टरला विचारायला हवं.' कुणाला वळवलं?"

"ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे. सोड ते."

"नक्की?"

"मार्लीन, टाइप कर ना बाई."

तिने टाइप केले. वसंतात संघाने टवेरिसला निवडले. पहिल्याच वर्षी तो असा धावला की वर्तमानपत्रांत रोज त्याचे नाव. हॅनरहनने मला उचलून सगळ्यांसमोर धरले आणि म्हणाला, "या डबीला सोन्याची साखळी घाला रे!" सारे हसले. माझ्या उभ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मान तो. त्या संध्याकाळी डेल्बर्टने ती फीत माझ्यातून काढली, रुमालात गुंडाळली आणि वेगळी ठेवली.

चौथ्या वर्षी टवेरिस ठरलेल्या चाली विसरू लागला. डावीकडे जायचे तर उजवीकडे जाई. संघाने त्याला काढून टाकले. लोक म्हणाले, यश डोक्यात गेले, पोरगा आळशी झाला. डेल्बर्ट तेव्हाही काही बोलला नाही.

मग संगणक आले. माझी रवानगी खणात झाली, गंजलेल्या सेलांशेजारी. किती वर्षे गेली ते मला ठाऊक नाही, कारण कोणी काही बोललेच नाही, आणि न बोललेली वर्षे मला मोजता येत नाहीत.

डेल्बर्ट निवृत्त झाला आणि त्याने मला पुन्हा बाहेर काढले. रोज दुपारी तो गॅरेजमध्ये बसून तीच फीत माझ्यात घाली. शेवटचे शेपूट आले की बंद करी, मागे नेई, पुन्हा लावी. पुढे पुढे तर माझ्यात सेल नसतानाही तो दचके आणि हाक मारी, "लॉरेटा, काही म्हणालीस का?" ती घरात भांडी घासत असे. ती म्हणे, "नाही रे." काही क्षणांनी तो पुन्हा विचारी, "कुणी वळवलं म्हणालं का आत्ता?"

मित्रांनो, खरे सांगतो, तेव्हा मलाच माझी भीती वाटू लागली. मी गप्प होतो आणि तरी त्याला ऐकू येत होतो.

एके दिवशी लॉरेटा दारात उभी राहून सगळे ऐकत राहिली. मग तिने विचारले, आणि त्याने सांगितले.

"त्या आईला सांगितलंस?"

"आता सांगून काय होणार, लॉरेटा? अठरा वर्षं झाली."

"काय होणार ते नाही विचारलं. सांगितलंस का?"

दोन दिवस गाडी चालवून आम्ही तिघे मिसिसिपीला पोचलो. दार टवेरिसने उघडले. "या, बसा. मी टवेरिस," तो अदबीने म्हणाला. आम्ही बसलो. पंखा घरघरत होता. थोड्या वेळाने त्याची पावले पुन्हा जवळ आली. "या, बसा. मी टवेरिस." डेल्बर्टने पुन्हा हात मिळवला.

अर्नेस्टीनने त्याला आवाजावरून ओळखले. "मासा दोनदा घेतला होतात तुम्ही," ती म्हणाली.

डेल्बर्टने मला टेबलावर ठेवले आणि बटण दाबले. मी सगळे म्हणून दाखवले, शेपटासकट. मग त्याने, पुसलेल्या जागी काय होते, ते सांगितले.

"त्या सकाळी त्यानं कॉफीत मीठ घातलं," अर्नेस्टीन म्हणाली, "आणि पिऊन टाकली. मला भीती वाटली, म्हणून तुम्हाला विचारलं. याच टेबलावर. बघणं हेच तुमचं काम होतं ना साहेब?"

"हो, बाई."

"माझ्या पोराला चर्चमध्येसुद्धा लोक आळशी म्हणाले. मी मान खाली घालून ऐकून घेतलं."

"मला माफ—"

"माफीचं राहू द्या. आधी ते वाक्य यात पुरं बोला. तुमचं नाव सांगून. का पुसलंत, तेही सांगून."

डेल्बर्ट बोलला. मी एकही अक्षर सोडले नाही. माझ्या साऱ्या आयुष्यातले सर्वांत खरे काम ते.

अर्नेस्टीनने मला ठेवून घेतले. तिने डेल्बर्टला माफ केले की नाही, ते मी कधी ऐकले नाही. निघताना तिने लॉरेटाच्या हातात मक्याचा पाव बांधून दिला. डेल्बर्टला काही दिले नाही.

पुढच्याच रविवारी तिने मला चर्चमध्ये नेले, सर्वांसमोर ठेवले आणि बटण दाबले. त्यानंतर टवेरिसला कोणी आळशी म्हटले नाही. काही जण रडले. म्हातारा टटलही तिथे होता. तो मधूनच उठून गेला, ती पावले मी ऐकली.

मित्रांनो, मैदानावर तुमचा एखादा सोबती पडला आणि उठून चुकीच्या दिशेने चालू लागला, तर हसू नका, टाळ्या वाजवू नका. त्याचा हात धरा आणि खेळ थांबवा. आणि जे पाहिले असेल ते त्याच्या आईला सांगा, त्याच दिवशी. माझ्यातले वाक्य पुन्हा भरता आले. तो पोरगा पुन्हा भरता येत नाही.

आताशा दुपारी अर्नेस्टीन मला फक्त सुरुवातीपासून 'पुढंच पडतो'पर्यंत लावते. टवेरिस शेजारी बसून मन लावून ऐकतो. काल तो म्हणाला, "आई, हा पोरगा भलताच चांगला आहे गं. कोण आहे?"

"आहे एक," ती म्हणाली.

"पुढं काय झालं त्याचं?"

तिने माझे बटण बंद केले. तिचा हात बराच वेळ माझ्यावर होता.

"घरी आला तो," ती म्हणाली.

"बरं झालं," टवेरिस म्हणाला.