शिटी वाजली तरी पळा

घाबरू नका मित्रांनो, मी काही आता वाजणार नाही. घाबरायचं काम माझं आहे, आणि ते मी गेली कित्येक वर्षं इमानेइतबारे करते आहे. मी एक जुनी पितळेची शिटी. पोटात बुचाचा गोळा, गळ्यात काळी दोरी आणि उजव्या गालाला एक पोचा. तो कसा पडला ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

मी गोव्यातल्या साखळी गावच्या एका दुकानात बरणीत पडून होते. तिथून मला यशवंत सरांनी उचललं. सर मूळचे कुडाळचे, खाणीवरच्या वर्कशॉपात फिटर. त्यांनी मला फुंकलं, दुकानदार दचकला, तसे सर हसून म्हणाले, "हीच होयी!" हीच हवी म्हणे! अहाहा, काय ऐट होती माझी तेव्हा!

गोवा राज्य झालं ते वर्ष. कोंकणी की मराठी यावरून गावात सख्खे शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले होते. सर आणि शिवण शिकवणाऱ्या शांताताई मात्र दर शनिवारी होडीत बसून केवणी जुव्याला जायचे. जुवें म्हणजे नदीतलं बेट. तिथं एका खोलीची शाळा, बावीस मुलं आणि शिक्षक एकच. सर मुलांना फुटबॉल शिकवायचे आणि शांताताई दोन्ही भाषांतली गाणी. त्यांच्या मांडीवर घुमट असायचं, कातडं ताणून बसवलेलं मातीचं मडकं. होडी धाकू नावाड्याची. मध्येच खनिजाची बार्ज गेली की लाटेनं होडी अशी डुले की माझा गोळा घशाशी यायचा. बुडाले तर गाळातून मला काढणार कोण?

बेटावर मैदान कुठलं असायला? भात कापून झालं की बांधाआडचं रिकामं शेत हेच मैदान. ते नदीच्या पाण्यापेक्षा सखल. बांधाला मानस होती, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारी लाकडी दारं. गोलची एक बाजू नेमकी त्या दारांपाशी, आणि तिथं गोल राखायला उभी राहायची धाकूची नात तारा. सात वर्षांची, आणि सगळ्यांत शहाणी.

सुरुवातीला मुलं नुसती चेंडूमागं घोळक्यानं धावायची. म्हणून सरांनी कडक शिस्त लावली. शिटी वाजली की जिथल्या तिथं थांबायचं, पापणीसुद्धा हलवायची नाही. महिनाभरात मी वाजले की बावीस मुलांचे बावीस खांब व्हायचे. मी फुगून जायचे हो! आणि शांताताईंनी घुमट वाजवलं की खेळ संपला, सगळ्यांनी उंचावरच्या शाळेच्या व्हरांड्याकडे पळायचं. जो पहिला पोहोचेल त्याला घुमट वाजवायला मिळे. तारा लांब उभी, म्हणून तिला ते कधीच मिळालं नव्हतं.

मग आली ती अमावस्या. दुपारची वेळ, नदीला उधाण. एक भरलेली बार्ज बांधाला लागून गेली आणि तिची लाट मानशीवर आदळली. कडाड्कन आवाज झाला. बांधावरून धाकू ओरडला, "बांद फुटलो! भुरग्यांक वयर काडा!"

पोरांना वर काढायचं होतं, पण घाबरलेल्या माणसाचा हात सवयीच्या वस्तूकडे जातो. सरांनी मला तोंडात धरलं आणि जीव खाऊन फुंकलं.

मुलं थांबली.

देवा रे! सर आणखी फुंकत होते, पुन्हा पुन्हा, आणि मुलं आणखी ताठ होत होती. पाणी फेसाळत आत घुसलं. ताराच्या घोट्यांना लागलं, मग गुडघ्यांना. ती हात पसरून तशीच उभी. मला थांबायचं होतं, पण शिटीला कुठं थांबता येतं? फुंकणारा फुंकत राहील तोवर ती ओरडतच राहते. त्या पोरीला मीच बांधून ठेवलं होतं.

तेवढ्यात व्हरांड्यातून घुमट वाजलं. शांताताई उभ्या राहून ते बडवत होत्या, नखं तुटेस्तोवर. मुलं भानावर आली आणि पळत सुटली. ताराही पळाली, पण पाणी कमरेला आलं होतं. ती पडली आणि दिसेनाशी झाली. धाकूनं बांधावरून उडी टाकली. किती वेळ गेला मला ठाऊक नाही. तो वर आला तेव्हा त्याच्या मुठीत तिची वेणी होती.

ती खोकली, रडली, जगली. सर तिच्यासमोर वाकले. "गो तारा, पाणी दिसाक नाय तुका?"

"दिसतालें, सर. पूण तुमी शिटी मारताले."

सरांनी मला शाळेच्या भिंतीवर भिरकावलं. हा पोचा तेव्हाचा. मला वाटलं, बरं झालं, संपले एकदाची. पण तारा उठली, तशीच ओलीचिंब आली आणि तिनं मला उचलून ओच्यात बांधलं.

आज तारा मोठी झाली आहे. आता दर शनिवारी ती त्याच जुव्यावर मुलांना खेळवायला जाते, मी तिच्या गळ्यात. मला चिंचेनं घासते, दोरी बदलते. मित्रांनो, तुमच्याही शिट्या, घुमटं, चेंडू असेच जपा. पण वस्तू हातात देताना तिचं केव्हा ऐकायचं नाही, तेही मुलांना सांगा.

तारा नव्या मुलांना पहिल्या दिवशी तेच शिकवते. ती फुंकते, मुलं थांबतात. मग ती मानशीकडे बोट दाखवून ओरडते, "उदक आयलें!" आणि छाती फुटेस्तोवर मला फुंकत राहते. मी किंचाळते, भयानं माझा गोळा थडथडतो. आणि ती सगळी कार्टी माझं काहीएक न ऐकता, खिदळत, शाळेकडे पळत सुटतात.