बंद केलेलं पाणी

चार वर्षांच्या वैष्णवीला उलट्या-जुलाब लागून दोन दिवस झाले होते. तिचे आईबाप, सुनिता आणि परमेश्वर, ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले. चकलांब्यात पोरीजवळ आजी बायनाबाई एकटीच. पाजलेला घोटन् घोट उलटून पडत होता, म्हणून शेवटी आजीनं पाणीच बंद केलं. पोर मागत राहिली. आजी तिला थोपटत राहिली.

तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले तेव्हा बायनाबाईला हायसं वाटलं. पण पोर उठेना. हाक मारली की डोळे अर्धेच उघडायची. दुपारी आजीच्या ध्यानात आलं, ही कालपासून लघवीलाच बसली नाही. तिनं शेजारच्या आश्रुबाला जीप काढायला लावली आणि बीडचा दवाखाना गाठला.

डॉक्टर वनमालाबाईंनी सलाईन लावून रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तशा त्या आजीजवळ येऊन बसल्या.

"आजी, हिचं क्रिएटिनिन अडीच आहे. एवढ्या लेकरात ते अर्ध्याच्या आसपास असतं. किडन्यांनी रक्तातली घाण गाळून टाकायची, ती आत साचतेय."

"पर जुलाब तर थांबले की."

"थांबले, पण गेलेलं पाणी भरून कुठं आलं? घरी पाणी पाजत होतात ना?"

आश्रुबानं मान खाली घातली. त्याला ठाऊक होतं.

"म्याच बंद केलतं," बायनाबाई म्हणाली. "पेली की वकायची. मला वाटलं, पोटाला इसावा मिळंल."

डॉक्टर रागावल्या नाहीत. "घोट घोट पाजायचं असतं," एवढंच म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बायनाबाईला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा तीनवर गेला. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर डायलिसिससाठी संभाजीनगरला हलवावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. बायनाबाई खाटेशी बसून राहिली. नर्स दर तासाला येऊन बघायची आणि मान हलवून जायची. चारच्या सुमाराला चादर ओली झाली. थोडीशीच, गडद पिवळी. बायनाबाई ती चादर कुणाला उचलू देईना. आधी डॉक्टरांना बोलावून दाखवली.

निरोप मिळून सुनिता कर्नाटकातून पोचली तेव्हा आकडा दोनच्या खाली आला होता. सासूनं तिला काही न लपवता सांगितलं. सुनितानं ऐकून घेतलं आणि लेकीकडं तोंड करून बसली.

पाचव्या दिवशी सुट्टी मिळाली. आकडा उतरला होता, पण पुरता नाही. महिन्यानं पुन्हा रक्त तपासायचं होतं.

"आत्याबाई, हिला मी संगं नेते," सुनिता म्हणाली.

"फडावर? उन्हात?"

"माझ्या डोळ्याम्होरं तरी ऱ्हाईल."

बायनाबाईनं पोरीचे कपडे पिशवीत भरले आणि तपासणीचा कागद घडी करून सुनिताच्या हातात दिला.

"तारीक चुकू देऊ नको," ती म्हणाली.